बिडाचा तवा: घ्या बिनधास्त, पण 'प्री-सीझन्ड'वर जाऊ नका

घावनांसाठी १० इंची बिडाचा तवा ऑनलाइन मागवला, तवा मस्तच आहे, ५ पैकी ४ स्टार, एक कापला तो त्या स्टिकरपायी. वर छापलंय 'प्री-सीझन्ड, लगेच वापरा' (म्हणजे तेल तापवून न चिकटणारा थर आधीच बसवलेला) आणि पहिलंच घावन असं धरून बसलं की उलथन्याने खरवडावं लागलं. तेलाचा नुसता हात मारून पाठवलाय, थर बसलेलाच नाही.

आणि तो थर म्हणजे तेल नव्हे बरं का. तेलाच्या लांब साखळ्यांत कार्बनचे दुहेरी बंध असतात, अगदी पातळ हात लावून धूर येईपर्यंत तापवलं की हवेतला ऑक्सिजन तिथे घुसतो आणि शेजारशेजारच्या साखळ्या एकमेकींना जोडल्या जाऊन कडक जाळं तयार होतं, मग ते थोड्याशा साबणाने पण जात नाही. घरून सल्ला आला 'खोबरेल लाव', पण खोबरेलात ९० टक्क्यांच्या आसपास संपृक्त फॅट, म्हणजे दुहेरी बंध जवळजवळ नाहीतच, तर जोडणार काय डोंबल! सूर्यफुलाचं लावा, स्वस्तात काम. जवसाचा थर लवकर कडक होतो पण पापुद्रे पण त्याचेच निघतात. आता माझ्याकडे अर्धा कांदा तेलात बुडवून फिरवला की घावन आपसूक कडा सोडतं, जाळी पण झकास.

नॉनस्टिकला ही मेहनत नाही, मान्य. टेफ्लॉनमध्ये कार्बनला फ्लोरिन इतका घट्ट धरून असतो की बाहेरच्या कशाशी त्याला देणंघेणंच नसतं, पण २६० डिग्रीच्या वर ते कोटिंग खराब व्हायला लागतं आणि मोठ्या आचेवर रिकामा तवा तिथे कधी पोचतो कळत पण नाही.

बीड तापायला वेळ खातं, अ‍ॅल्युमिनियमच्या साधारण पाव पटच उष्णता वाहून नेतं, पण वजनदार असल्याने एकदा तापलं की गार पीठ ओतलं तरी तवा लगेच थंड पडत नाही.

पाडू मात्र नका!! शेजारच्यांचा ओट्यावरून पडला आणि सरळ दोन तुकडे. पोळ्यांचा पत्र्याचा तवा असता तर पोचा येऊन भागलं असतं, कारण साध्या लोखंडात अणूंचे थर एकमेकांवरून सरकले तरी बंध टिकतात. बिडात कार्बन २ ते ४ टक्के, त्यातला बराचसा ग्राफाइटच्या पातळ पाकळ्या होऊन मधेमधे अडकलेला, तडा तिथूनच धावतो. तुटलेली कड बघितली मी, आतून करडी, बोट फिरवलं तर काळं लागलं, पेन्सिलीत असतं तेच ते. तापल्या तव्यावर गार पाणी ओतलंत तरी हीच गत होऊ शकते.

इंडक्शनवर चालतो. कान फार छोटे, जाड फडकं लागतंच. चिंच, कोकम, टोमॅटोचं काही यात शिजवू नका, थर उतरतो आणि रस्सा काळा पडतो. धुतल्यावर लगेच गॅसवर कोरडा करा, ओला ठेवलात तर सकाळी गंज.