पिझ्झा-बर्गरची साखळी की उडपी : शनिवारी कुठे बसावे?

बाजार आटोपून पिशव्या गाडीच्या डिकीत गेल्या की आमच्या घरात दर शनिवारी एकच वाद उभा राहतो. मुलीला पिझ्झा हवा असतो, आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, इडली हवी असते, आणि पत्नी व मी निकाल देण्याच्या नावाखाली गाडी सुरू करून बसून राहतो. गेली तीन-चार वर्षे आम्ही दोन्ही प्रकारच्या ठिकाणी आलटून पालटून बसलो आहोत. त्यामुळे खानापूर किंवा हुक्केरीकडचे कोणी नातेवाईक बेळगावला यायचे असले, की मुलाबाळांना घेऊन कुठे बसावे याबद्दल माझे मत विचारले जाते. ते येथे जरा सविस्तर मांडतो. माझ्याकडे अकरा वर्षांची मुलगी आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांचे वडील एकाच टेबलावर बसतात, एवढे मात्र वाचताना ध्यानात असू द्यावे. ज्यांच्या घरात यांपैकी एकच वय असेल, त्यांचा हिशेब वेगळा होऊ शकतो.

तुलना दोन पद्धतींची आहे. एका बाजूला डॉमिनोज, मॅकडोनाल्ड्स, पिझ्झा हट, केएफसी यांसारख्या परदेशी मुळाच्या साखळ्या आहेत. दुसऱ्या बाजूला उडपी पद्धतीची शाकाहारी हॉटेले आहेत, ज्यांत एकाच मालकाच्या दोन शाखांपासून एमटीआर किंवा अड्यार आनंद भवन यांच्यासारख्या मोठ्या पसाऱ्यापर्यंत सगळे आले. यांतली एक पद्धत फार जुनी आणि दुसरी अगदी कालची, असे आपण धरून चालतो. ते तितकेसे खरे नाही. उभ्याने खाण्याची, आधी पैसे भरून कूपन घेण्याची 'दर्शिनी' बंगळुरात रुजली ती 1980 च्या दशकात, आणि केएफसीने भारतातले आपले पहिले दुकान त्याच बंगळुरात, ब्रिगेड रोडवर, 1995 मध्ये उघडले. पुढच्याच जानेवारीत कर्नाटक राज्य रयत संघाच्या कार्यकर्त्यांनी त्या दुकानाची मोडतोड केली होती. मॅकडोनाल्ड्स दिल्लीत आले ते 1996 मध्ये. म्हणजे आपल्या राज्यापुरते बोलायचे तर दोन्ही पद्धतींचे धाकटे रूप एकाच शहरातून निघाले, आणि दोहोंत अंतर पडले ते जेमतेम दहा-पंधरा वर्षांचे.

परदेशी साखळीची जमेची बाजू आधी सांगतो, कारण ती मोठी आहे आणि माझ्या पिढीतले लोक ती मान्य करायला नाखूश असतात. तिथली चव बदलत नाही. आमच्या आवडत्या उडपी हॉटेलात आचारी रजेवर गेला की डोसा जाड होतो, हे पहिल्या घासालाच कळते. पिझ्झ्याच्या दुकानात कोण रजेवर आहे याचा पत्ता लागत नाही. तिथे बसायला खुर्ची मिळाली की ती तुमचीच असते, शेजारी उभे राहून तुमच्या ताटाकडे पाहत 'झालं का?' असे डोळ्यांनी विचारणारा कोणी नसतो. प्रसाधनगृहाच्या दाराला कडी असते आणि आत साबण असतो. सोवळेओवळे पाळणाऱ्यांसाठीही काही सोयी आहेत. मॅकडोनाल्ड्स भारतात शाकाहारी आणि मांसाहारी पदार्थांची स्वयंपाकाची जागा, भांडी आणि काम करणारी माणसे वेगळी ठेवते, आणि गोमांस वा डुकराचे मांस येथे मुळातच विकत नाही. श्रावणात आमच्या काकू तिथे आलू टिक्की बर्गर निर्धास्तपणे खातात. रस्त्यावरच्या गाड्यावर त्या पाण्याचा घोटही घेणार नाहीत.

आणखी एक गोष्ट मधुमेही माणूस घरात असल्याखेरीज लक्षात येत नाही. दहा किंवा त्याहून अधिक ठिकाणी शाखा असलेल्या उपाहारगृहांनी पदार्थाच्या नावापुढे त्यातल्या कॅलरी लिहाव्यात, असा अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा नियम 2022 पासून लागू आहे. त्यामुळे मोठ्या साखळीच्या फलकावर बर्गरपुढे आकडा असतो. दोन शाखांच्या उडप्याला हा नियम लागत नाही, आणि लोणी डोशावर लोण्याचा जो गोळा विरघळत असतो त्याचा आकडा कोणी लिहिला नाही हे एका परीने बरेच आहे.

बटाट्याबद्दल थोडे विषयांतर करतो. बेळगाव तालुका बटाट्याचा, आणि हंगामात मार्केट यार्डात पोत्यांच्या थप्प्या लागलेल्या असतात. तरी त्याच शहरातल्या बर्गरच्या दुकानात जे फ्रेंच फ्राइज मिळतात त्यांचा बटाटा आपल्याकडचा नसतो. मॅकडोनाल्ड्सला ते पुरवणाऱ्या मॅक्केनचा कारखाना गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यात आहे. यामागे कोणाचे वैर नाही. बटाट्यात साखर जास्त असली की तळताना तो काळपट होतो, आणि पाणी जास्त असले की मऊ पडतो. म्हणून त्या कामाला कमी साखरेचे, जास्त घट्ट गराचे वेगळे वाण लावावे लागते. आपला भाजीचा बटाटा भाजीत शोभतो. मसाला डोशातली पिवळी भाजी आणि ते सोनेरी तुकडे शेजारी ठेवून यांतले चांगले कोणते असे विचारणे मला तरी योग्य वाटत नाही. मुलीला मात्र या प्रश्नाचे उत्तर ठाऊक आहे.

आता उडप्याचे दोष. शनिवारी सातनंतर तिथे गोंगाट इतका असतो की समोरच्याशी बोलायचे तर आवाज चढवावा लागतो. चौघांच्या टेबलावर तिघे बसला असलात, तर चौथा अनोळखी माणूस 'बसू का' असे विचारून, उत्तराची वाट न पाहता बसतो. सांबार गोड असते. उडपी पद्धतीत गूळ पडतोच, हे मान्य. पण काही ठिकाणी हात इतका सैल असतो की आप्पा त्या सांबाराला गुळवणी म्हणतात आणि वाटी बाजूला सारतात. उभ्याने खाण्याची दर्शिनी तर आमच्या उपयोगाचीच नाही, कारण छातीएवढ्या उंच गोल टेबलापाशी आप्पांना पाच मिनिटेसुद्धा उभे राहवत नाही. आम्हाला वरच्या मजल्यावरचा हॉल शोधावा लागतो आणि तिथे त्याच डोशाचे दर चढे असतात. पार्सलच्या बाबतीत तर उडप्याने हार मानलेलीच बरी. बेळगावच्या जुलैमधल्या पावसात टिळकवाडीतून अनगोळपर्यंत आणलेला डोसा कागदात घाम फुटून ओल्या रुमालासारखा होतो. पिझ्झा त्याच पावसातून पुठ्ठ्याच्या खोक्यात गरम येतो.

खर्चाचे फार बोलत नाही, कारण ते ज्याचे त्याला माहीत असते. आमच्या चौघांचे बिल पिझ्झ्याच्या दुकानात उडप्याच्या दुपटीच्या आसपास जाते, आणि दोन्हीकडे कर पाच टक्केच असतो. फरक पडतो तो वाटून खाण्याच्या सवयीत. आपल्याकडे 'बाय-टू कॉफी' सांगितली की एक कॉफी दोन पेल्यांत येते आणि ती आणणाऱ्याच्या चेहऱ्यावर काही उमटत नाही. साखळीच्या दुकानात एकावर एक फुकट मिळेल, पण एकाचे दोन करून मिळणार नाहीत.

निकाल मात्र यांपैकी कशानेही लागला नाही. तो पाण्याने लागला. उडप्याकडे खुर्ची ओढून बसता न बसता पाण्याचे पेले टेबलावर येतात. पोऱ्या चार पेले एका हातात, बोटे आत बुडवून आणतो, अशी तक्रार पूर्वी होती आणि ती रास्त होती. अलीकडे बऱ्याच ठिकाणी जग येतो. 'रेग्युलर की बॉटल' असे विचारले गेले तरी 'रेग्युलर' म्हणताना कमीपणा वाटत नाही. आप्पांना जेवणाआधी एक गोळी घ्यावी लागते आणि दातांच्या दुखण्यामुळे गार पाणी चालत नाही. यावरचा आमचा उपाय जुना आहे : वेटरकडे पाहून 'बिसी नीर', म्हणजे कन्नडमध्ये गरम पाणी, एवढे म्हणायचे. घर मराठी असो की कन्नड, उडप्याच्या हॉटेलात हे दोन शब्द सगळ्यांना येतात. वाफाळता पेला येतो, आप्पा तो पदराने धरावा तसा उपरण्याच्या टोकाने धरतात, गोळी घेतात, आणि बिलात त्या पाण्याचा उल्लेख नसतो.

दीड-दोन वर्षांपूर्वी, असाच पाऊस असताना, मुलीच्या आग्रहाखातर आम्ही एका मोठ्या साखळीच्या शाखेत गेलो. नाव सांगण्यात अर्थ नाही. थोड्याफार फरकाने हे दुसरीकडेही घडले असते. आप्पांनी सवयीने काउंटरवरच्या मुलाला 'बिसी नीर कोडरी' म्हटले. तो बाहेरगावचा होता, त्याला ते समजले नाही. मी हिंदीत सांगितले, तेव्हा त्याने समोरच्या पडद्यावर गरम पाणी शोधायला सुरुवात केली. शीतपेये, मिष्टान्ने, जादा चीज अशी पानामागून पाने त्याने अगदी मनापासून उलटली. गरम पाणी कुठल्याच पानावर नव्हते. पाण्याची बाटली होती, पण ती फ्रीजमधली. मागे रांग वाढत होती आणि आप्पा गोळी तळहातावर घेऊन उभे होते. अखेर त्या मुलानेच तोडगा काढला. चहा घ्या, त्यात टी-बॅग वेगळी मिळते, ती पाण्यात टाकू नका, असे तो म्हणाला. आम्ही तसे केले. एका चहाचे पैसे भरून कागदी पेल्यात गरम पाणी घेतले. कोरडी टी-बॅग आप्पांनी घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सुनेपुढे धरून 'याचे पैसे दिलेत' म्हणाले.

तो मुलगा सभ्य होता आणि त्याने नियम न मोडता जेवढे करता येईल तेवढे केले, म्हणून त्याच्यावर राग नाही. पैशांचाही प्रश्न नाही. हॉटेलांनी बाटलीबंद पाणी छापील किमतीहून जास्त दराने विकायला हरकत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2017 मध्ये दिला आहे आणि त्याचा फायदा चांगली उडपी हॉटेलेही घेतात. मला खटकले ते एवढेच, की जे पडद्यावर नाही ते देण्याची मुभाच त्या मुलाला नव्हती. आपल्याकडे दारात आलेल्याला आधी पाणी विचारतात. तिथे पाणी हा मेनूतला एक पदार्थ होता, आणि तोही एकाच तापमानाचा.

यावर माझ्या मेहुण्याने आक्षेप घेतला की ही तुलना सेल्फ-सर्व्हिस आणि वेटर यांची झाली, साखळीची नव्हे. आक्षेप विचार करण्याजोगा आहे, पण टिकत नाही असे मला वाटते. दर्शिनीत वेटर नसतो, कूपन स्वतः घ्यावे लागते, ताट स्वतः उचलावे लागते. तरीसुद्धा भिंतीशी पाण्याचे पिंप आणि शेजारी स्टीलच्या पेल्यांची चळत असते, आणि काउंटरच्या आतल्या माणसाकडे गरम पाणी मागितले तर तो कॉफीच्या बंबाची तोटी फिरवून ते देतो. त्यासाठी त्याला कोणाला विचारावे लागत नाही.

मुलीची बाजूही मांडली पाहिजे. तिच्या मते उडप्याकडे गेले की खाऊन लगेच उठावे लागते आणि मैत्रिणींना सांगण्यासारखे काही उरत नाही. वाढदिवस असेल, सहा-सात मुली असतील, तर मीही तिला पिझ्झ्याच्या दुकानातच सोडतो, कारण मसाला डोशावर मेणबत्ती लावता येत नाही. परीक्षेच्या दिवसांत पिझ्झा घरी मागवतो. पुण्याला जाताना निपाणीच्या पुढे महामार्गावर गाडी थांबवायची झाली आणि बरोबर बायकामुले असली, तर प्रसाधनगृहासाठी परदेशी पाटी पाहूनच थांबतो, हेही कबूल करतो. ज्यांना मांसाहार हवा आहे त्यांच्यासाठी ही तुलना गैरलागू आहे. त्यांनी केएफसी आणि गावातली खानावळ यांत निवड करावी, आणि त्यात माझे मत विचारू नये. वडापावच्या साखळ्या, म्हणजे मुंबईत 2001 साली निघालेली जम्बो किंग किंवा कल्याणची 2004 ची गोली, यांना मी या हिशेबात धरलेले नाही, कारण वडापावसाठी आम्ही अजून कोपऱ्यावरच्या गाड्याशी प्रामाणिक आहोत.

म्हातारी माणसे बरोबर असलेल्या शनिवारच्या संध्याकाळसाठी मात्र माझा कौल उडप्याकडे झुकतो. जाणार असाल तर साडेसहाच्या आत पोहोचावे, कारण सातनंतर वरच्या हॉलच्या जिन्यातच माणसे उभी असतात. हात धुण्याच्या बेसिनजवळचे टेबल टाळावे, सांबार आधी चाखून मगच इडली बुडवावी, आणि बसताक्षणी, डोसा सांगायच्याही आधी, गरम पाणी मागून ठेवावे.