सेलमधला गेम: स्टीमवर घ्यावा की जीओजीवर?

परवा सेलमध्ये ९० टक्के डिस्काउंट बघून एक झोंबीवाला गेम उचलला, नाव नाही सांगत, पण हिरो दारात अडकतो आणि झोंबी भिंतीतून आरपार चालतात, पंधरा मिनिटांत डोकं उठलं. स्टीमवर, म्हणजे पीसी गेम्सच्या ऑनलाइन दुकानात, घेतला होता म्हणून वाचलो, तिथे १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मिळतात. पण घड्याळावर लक्ष ठेवा हां, काही गेम्सचं नुसतं ट्युटोरियलच तासभर चालतं, आणि गेम चालू ठेवून जेवायला गेलात तरी तो वेळ मोजला जातो!

जीओजी या तसल्याच दुसऱ्या दुकानाचं वेगळंय, तिथे ३० दिवस मिळतात आणि खेळलेला असला तरी रिफंड मागता येतो, फक्त त्याचा गैरफायदा घेऊ नका म्हणतात. शिवाय डीआरएम (कॉपी रोखणारं डिजिटल कुलूप) नाही, इन्स्टॉलर डाउनलोड करून हार्ड डिस्कवर टाकला की नेट नसलं तरी चालतं. जुने गेम्स तर तिथूनच घ्यावेत.

तरी मी जास्त स्टीमवरच घेतो, रुपयात किंमत, यूपीआय चालतं, रिव्ह्यू तिथेच खाली दिसतात. जे मी वाचले नव्हते.