५०० थीम ९९९ रुपयांत : पंचवटीतल्या एका लॉजची साइट कशी बुडाली

नाशिकच्या पंचवटीतल्या १२ खोल्यांच्या एका लॉजला साइट हवी होती. २०२७चा सिंहस्थ समोर दिसतोय, त्यामुळे लॉजवाले, पूजा सांगणारे गुरुजी, त्र्यंबकच्या फेऱ्या मारणारे टॅक्सीवाले, सगळ्यांनाच सध्या साइट हवी आहे. बोलणं मात्र सगळीकडे एकाच वाक्यावर येऊन थांबतं : "फार नको, साधीच करून द्या." या लॉजचं बजेट डोमेन-होस्टिंग धरून १२ हजार. काम घेणारा सिडकोत घरूनच साइट करणारा एकटा मुलगा. त्याने एका ग्रुपवरच्या जाहिरातीतून '५०० प्रीमियम रिस्पॉन्सिव्ह थीम, ओरिजिनल लायसन्स, लाइफटाइम अपडेट' असा संच ९९९ रुपयांना घेतला. थीम म्हणजे साइटचा तयार साचा. पैसे यूपीआयने, माल ड्राइव्हच्या लिंकवर. विकणाऱ्याचं नाव इथे घेत नाही. ही नावं सारखी बदलतात, पद्धत तीच राहते.

पहिली लबाडी मोजणीतच असते. एकाच थीमच्या तीन जुन्या आवृत्त्या म्हणजे तीन थीम, तिची चाइल्ड थीम, म्हणजे तिच्याच आधारावरची छोटी उपथीम, ही चौथी, एचटीएमएल प्रत म्हणजे पाचवी. असे ५०० भरतात. पण ती किरकोळ. खरी गोम 'ओरिजिनल लायसन्स' या दोन शब्दांत आहे.

थीमफॉरेस्टसारख्या ऑनलाइन बाजारातून थीम घेतली की सोबत एक परचेस कोड मिळतो. आकडे आणि अक्षरांचे पाच गट, मध्ये रेघा : ८, ४, ४, ४ आणि १२. साध्या म्हणजे रेग्युलर लायसन्सवर एकच साइट करता येते आणि थीम बनवणाऱ्याकडून सहा महिने मदत मिळते. संच विकणारा यातलं काहीच देत नाही. फार आग्रह धरला तर तो एखादा कोड पाठवतो, आणि तोच कोड त्याने आणखी वीसजणांना दिलेला असतो. थीममध्ये घातला की 'हा कोड दुसऱ्या डोमेनवर नोंदलेला आहे' असा संदेश येतो. मग विकणारा म्हणतो, "ॲडमिनचं लॉगिन द्या, मी ॲक्टिव्हेट करून देतो." इथे थांबायचं. ते लॉगिन म्हणजे दुकानाची किल्ली.

एक गोष्ट मात्र सरळ सांगायला हवी, कारण विकणारे तिचाच आडोसा घेतात. वर्डप्रेस ही साइट बनवायची प्रणाली जीपीएल या मुक्त परवान्याखाली आहे, म्हणून तिच्यावर चालणाऱ्या थीमचा पीएचपी भाषेतला कोडही सहसा त्याच परवान्यात येतो, आणि तो कोड पुढे वाटायला किंवा विकायला कायद्याने बंदी नाही. तेव्हा 'आम्ही जीपीएलवाले आहोत' हे म्हणणं सगळंच खोटं नसतं. पण जीपीएल अपडेटची किंवा मदतीची हमी देत नाही, डेमोतल्या फोटोंचा हक्कही देत नाही, आणि झिपमध्ये मधल्यामध्ये कोणी हात घातलाय का, याचं उत्तर तर देतच नाही.

लॉजच्या झिपमध्ये हात घातलेला होता. फंक्शन्स डॉट पीएचपी ही थीमची मुख्य फाइल. तिच्या सुरुवातीलाच एक ओळ वाढवलेली होती. ती ओळ थीमच्याच फोल्डरमधली 'क्लास डॉट थीम-मॉड्यूल्स डॉट पीएचपी' नावाची फाइल चालवत होती. नाव इतकं साळसूद की डोळा तिथे थांबतच नाही. हा प्रकार 'डब्ल्यूपी-व्हीसीडी' नावाने ओळखला जातो. वर्डप्रेसच्या सुरक्षेवर काम करणाऱ्या वर्डफेन्सने २०१९मध्ये त्यावर सविस्तर लिहिलं होतं, आणि तो मुख्यतः नल्ड, म्हणजे कुलूप तोडलेल्या थीम आणि प्लगिन (साइटला जोडायच्या जादा सोयी) यांमधूनच पसरतो. थीम ॲक्टिव्हेट केली की तो 'डब्ल्यूपी-इन्क्लूड्स' फोल्डरमध्ये स्वतःची फाइल टाकतो, तिथल्याच 'पोस्ट डॉट पीएचपी'मध्ये तिला बोलावणारी ओळ घालतो आणि साइटवरच्या बाकीच्या थीमच्या फंक्शन्स फाइलींतही शिरतो. मग त्याच होस्टिंग खात्यावर दुसऱ्या वर्डप्रेस साइट असतील तर तिकडे वळतो.

सिडकोतल्या मुलाच्या खात्यावर आणखी पाच ग्राहकांच्या साइट होत्या. एका स्वस्त होस्टिंगमध्ये सगळ्या साइट कोंबायची सवय बऱ्याच जणांना असते, हिशोबाला ती बरी पडते. घाण मात्र एका झिपमधून सहा घरांत गेली.

लॉजच्या मालकाला तीन आठवडे काही कळलं नाही. भाविक फोन करून सांगायचे, "तुमची साइट उघडली की सट्ट्याची जाहिरात येते." मालक काउंटरवरच्या लॅपटॉपवर पत्ता टाइप करून बघायचे तर साइट स्वच्छ. असला कोड आधी बघतो की समोरचा मोबाइलवर आहे का, गुगलवरून आलाय का, ॲडमिन म्हणून लॉगिन केलेला आहे का. लॉगिन असेल तर तो गप्प बसतो. म्हणून तपासायची रीत वेगळी : मोबाइलचं वायफाय बंद, डेटा चालू, इन्कॉग्निटो टॅब, गुगलवर लॉजचं नाव शोधून निकालावर बोट ठेवायचं. पत्ता टाइप करायचा नाही. दोन वेगवेगळ्या फोनवरून बघायचं, कारण बऱ्याचदा एका पत्त्याला तो एकदाच वळवतो.

साफसफाईत बहुतेकजण एकाच जागी चुकतात. दिसली ती फाइल उडवतात आणि तासाभराने ती परत आलेली असते. फाइल गेली तरी तिला जन्म देणारी ओळ दुसरीकडे शिल्लक असते, नाहीतर शेजारची साइट ती परत पाठवते. म्हणून खात्यावरच्या सगळ्या साइट एकाच वेळी बंद ठेवून हात घालायचा. आहे त्या अवस्थेची प्रत संगणकावर उतरवा. मग सीपॅनेल (होस्टिंगचं नियंत्रण पान), एफटीपी (फाइली चढवायची वाट) आणि डेटाबेसचे पासवर्ड बदला. 'डब्ल्यूपी-ॲडमिन' आणि 'डब्ल्यूपी-इन्क्लूड्स' हे दोन्ही फोल्डर पूर्ण काढून वर्डप्रेसच्या मूळ जागेवरून उतरवलेले नवे घाला. जुन्यांवर नुसते टाकले तर जास्तीच्या फाइली तशाच राहतात. संशयित थीम पूर्ण काढा, सगळी प्लगिन मूळ जागेवरून नव्याने आणा. अपलोड्स फोल्डरमध्ये पीएचपी फाइली शोधा. तिथे फोटो असतात, पीएचपीचं तिथे काम नसतं. एखाद्या प्लगिनची रिकामी इंडेक्स फाइल सापडेल, बाकी प्रत्येकीवर संशय. युजरची यादी डॅशबोर्डवर नव्हे, थेट डेटाबेसच्या टेबलात बघा, कारण लपवलेला ॲडमिन डॅशबोर्डवर दिसत नाही. शेवटी 'डब्ल्यूपी-कॉन्फिग'मधल्या आठही गुप्त कळा बदला, म्हणजे आधीची सगळी लॉगिन तुटतात. कमांड लाइन वापरता येत असेल तर डब्ल्यूपी-सीएलआयची 'कोअर व्हेरिफाय-चेकसम्स' ही आज्ञा मूळ फाइलींत काय बदललंय ते क्षणात दाखवते. गुगलने साइटवर लाल इशारा लावला असेल तर सर्च कन्सोलमधल्या 'सिक्युरिटी इश्यूज'मधून फेरतपासणी मागा, पण सगळं साफ झाल्यावरच.

सहा साइटचं हे काम म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

झिपमध्ये विष नसलं तरी जुनी थीम स्वतःहून मरते. ही फसवणूक जास्त संथ. संचातल्या थीम अनेक वर्षांपूर्वीच्या असतात आणि लायसन्स नसल्यामुळे 'लाइफटाइम अपडेट' म्हणजे प्रत्यक्षात विकणाऱ्याच्या ड्राइव्हवर कधीतरी नवी झिप येण्याची वाट बघणं. पीएचपी ७.४चा आधार नोव्हेंबर २०२२मध्ये संपला. होस्टिंगने पीएचपी ८ वर नेलं की 'क्रिएट फंक्शन' किंवा 'ईच' वापरणारी जुनी थीम पडते आणि पांढऱ्या पडद्यावर 'क्रिटिकल एरर' एवढंच उरतं, कारण ही दोन्ही फंक्शन ८.० मध्ये काढून टाकली आहेत. ऑगस्ट २०२०च्या वर्डप्रेस ५.५ने जेक्वेरी मायग्रेट, म्हणजे जुना जावास्क्रिप्ट कोड चालता ठेवणारी फाइल, आपोआप जोडणं थांबवलं, तेव्हा कितीतरी थीमचे स्लायडर आणि मोबाइलवरचा तीन रेघांचा मेनू बंद पडले होते.

थीमसोबत 'फुकट' आलेलं प्लगिनही असंच. त्याचं स्वतंत्र लायसन्स तुमच्याकडे नसतं, ते फक्त थीमच्या अपडेटबरोबर सुधारतं. २०१४मध्ये स्लायडर रिव्होल्यूशनच्या जुन्या आवृत्त्यांतल्या भोकातून डिसेंबरच्या 'सोकसोक' हल्ल्यात लाखाच्या घरात साइट बाधित झाल्या. प्लगिनची दुरुस्त आवृत्ती आधीच निघालेली होती. पण ते थीमच्या पोटात असल्यामुळे अनेकांना आपल्या साइटवर ते आहे, हेच ठाऊक नव्हतं. अस्सल थीमवाल्यांनाही हा फटका बसला, मग नल्ड वापरणाऱ्याचं काय?

आता 'रिस्पॉन्सिव्ह'चं, म्हणजे कुठल्याही पडद्यावर नीट बसण्याचं बघू. जाहिरातीत लॅपटॉप, टॅब आणि मोबाइल असं चित्र असतं. ते चित्रच असतं. थेट डेमोची लिंक मागा. ती मिळाली नाही तर तिथेच विषय संपवा. क्रोममध्ये एफ१२ दाबून मोबाइलचं चिन्ह निवडा आणि रुंदी ३६० पिक्सेल करा, स्वस्त अँड्रॉइड फोन साधारण तेवढेच असतात. पान आडवं सरकायला लागलं तर थीम नापास. पानाच्या सोर्समध्ये व्ह्यूपोर्टची ओळ, म्हणजे 'विड्थ इक्वल टू डिव्हाइस-विड्थ', नसेल तर पुढे बघायचीही गरज नाही. दरपत्रकाचा तक्ता मोबाइलवर कसा दिसतो ते नक्की बघा. लॉजच्या थीममध्ये 'एसी', 'नॉन-एसी' आणि 'डॉर्मिटरी'पैकी तिसरा रकाना पडद्याबाहेर होता, आणि सिंहस्थात सगळ्यात जास्त विचारणा होणार ती डॉर्मिटरीची!

मराठी साइटला आणखी एक चाचणी लागते, ती कुठल्याच डेमोत नसते. परदेशी थीमच्या शीर्षकांना बरेचदा लेटर-स्पेसिंग असतं. इंग्रजीत ते रुबाबदार दिसतं. देवनागरीत शिरोरेघ तुटते आणि 'निवास व्यवस्था'ची अक्षरं दात पडल्यासारखी सुटी होतात. ते शून्य करा. ओळीची उंची १.२ असेल तर वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांत घुसतात, १.५च्या वर न्या. फॉन्टमध्ये देवनागरी आहे का तेही बघा : पॉपिन्समध्ये आहे, मॉन्टसेराटमध्ये नाही. नसेल तर प्रत्येक फोन स्वतःच्या मर्जीचा फॉन्ट लावतो. मुक्ता, हिंद किंवा नोटो सान्स देवनागरी फुकट आहेत आणि नीट चालतात.

झिप हातात आलीच असेल तर सर्व्हरवर चढवण्याआधी संगणकावर उघडा. अस्सल पूर्ण झिपमध्ये सहसा माहितीपुस्तिका, लायसन्सचा फोल्डर आणि आत चढवायची वेगळी झिप असते. बाहेरचीच झिप चढवली तर 'स्टाइल डॉट सीएसएस नाही' अशी चूक येते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मग सगळ्या फाइलींत 'इव्हॅल', 'बेस६४ डिकोड', 'जीझेड-इन्फ्लेट' आणि 'क्रिएट युजर' हे शब्द इंग्रजीत शोधा. नुसतं बेस६४ दिसलं म्हणून चोर नव्हे, त्याचे सरळ उपयोगही आहेत. इव्हॅल आणि बेस६४ एकाच ओळीत हातात हात घालून दिसले तर झिप कचऱ्यात. व्हायरसटोटल या तपासणी साइटवर काही सापडलं नाही, यावर विसंबू नका. पीएचपीतले बदललेले तुकडे तिथून सहज निसटतात.

बजेट खरंच नसेल तर मार्ग बंद नाहीत. वर्डप्रेसच्या अधिकृत थीम भांडारात ॲस्ट्रा, जनरेटप्रेस, केडन्स या थीमच्या फुकट आवृत्त्या आहेत. त्या कितीही ग्राहकांना वापरता येतात, अपडेट डॅशबोर्डवरच येतात. पाच पानांच्या लॉजच्या साइटला एवढं पुरून उरतं. डेमोतल्या फोटोंऐवजी मोबाइलने दिवसाउजेडी काढलेले खोल्यांचे खरे फोटो लावा. भाविकाला परदेशी रिसॉर्टचा पलंग बघायचा नसतो. विकत घ्यायचीच असेल तर एक चांगली थीम साधारण ४० ते ७० डॉलरला पडते, म्हणजे साडेतीन ते सहा हजार. घेण्याआधी शेवटच्या अपडेटची तारीख, चेंजलॉग म्हणजे बदलांची यादी आणि प्रश्नांना उत्तरं मिळताहेत का, एवढं बघा. वर्षभर हालचाल नसेल तर सोडा. इथल्याच विक्रेत्याकडून घेत असाल तर बिल मागा आणि त्यावरचा १५ अक्षरी जीएसटी नंबर पोर्टलवर टाकून बघा. महाराष्ट्रातला असेल तर तो २७ने सुरू होतो.

पैसे गेले असतील तर ग्रुपमधून काढून टाकायच्या आत जाहिरात, गप्पा आणि ड्राइव्हच्या लिंकचे स्क्रीनशॉट घ्या. यूपीआयचा १२ आकडी व्यवहार क्रमांक लिहून ठेवा, १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा आणि राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवा. जितक्या लवकर कराल तितकी पैसे गोठवण्याची शक्यता जास्त. ९९९ रुपयांसाठी कोण खटपट करणार, याच हिशोबावर हा धंदा चालतो.

पुढच्या कोटेशनमध्ये थीमची ओळ वेगळी काढा : 'थीम लायसन्स, एका साइटसाठी, ग्राहकाच्या ईमेलवर, प्रत्यक्ष किमतीप्रमाणे.' खातं ग्राहकाच्या ईमेलवर असलं की परचेस कोड आणि पावती त्याच्याकडेच राहते, आणि उद्या साइट दुसऱ्या कोणाकडे गेली तरी अपडेट चालू राहतात. ग्राहक ही ओळ खोडायला लागला तर खाली दुसरी लिहा, 'फुकट थीम, रुपये शून्य', आणि त्याला दोन्हींतली एक निवडू द्या.