घामाचा पॅच, घड्याळ की साधा वजनकाटा? जळगावच्या उन्हात काय घ्यायचं

मे महिन्यात मेहरूण तलावाला सकाळी सहाला पळायला गेलं तरी परत येईपर्यंत डोकं तापतं, पण टीशर्ट मात्र बऱ्यापैकी कोरडा असतो, कारण आपल्याकडची हवा इतकी कोरडी की घाम दिसायच्या आतच उडून जातो, आणि मग वाटतं की आपल्याला काही घामच येत नाही. धुळ्याचा मावसभाऊ सध्या घाम मोजायचं काहीतरी घ्यायच्या मागे लागलाय, त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितो.

पॅच म्हणजे गेटोरेड या स्पोर्ट्स ड्रिंकवाल्यांनी काढला तसा, हाताच्या आतल्या बाजूला चिकटवायचा, घाम बारीक नळ्यांमध्ये चढतो, एका नळीत नारिंगी रंग किती लांब गेला त्यावरून घाम किती, आणि दुसरीत जांभळा किती गडद झाला त्यावरून क्लोराईड म्हणजे मिठाचा अंदाज. मग मोबाईलने फोटो काढायचा. मीठ कळतं हे याचं खरं काम, घड्याळ किंवा काटा ते सांगत नाही. पण एका वर्कआउटला एक पॅच, नंतर फेकायचा, खिसा रिकामा. निक्स नावाच्या दुसऱ्या कंपनीच्या पॅचला वरून एक छोटं पॉड लागतं, ते परत वापरता येतं आणि आकडे पळतानाच फोनवर दिसतात, पॅच मात्र दरवेळी नवा.

फिटबिट सेन्ससारख्या घड्याळातला ईडीए सेन्सर बघून लोक फसतात. तो कातडीतून वीज किती सहज जाते ते बघून स्ट्रेसचा अंदाज देतो, किती मिली घाम गेला ते नाही. त्याच्यासाठी घड्याळ घेऊ नको.

कातडीचा ओलावा मोजणारं स्वस्त पेन? तोंड धुतलं की आकडा वर, पंख्याखाली बसलं की खाली. नीट मोजायचं तर आधी वीसेक मिनिटं थंड खोलीत बसायला लागतं, आता एवढी थंड खोली मे मध्ये कुठून आणायची भो! कातडीला भेगा पडल्या तर तेल लाव, पेन राहू दे.

माझं मत, आधी काटा. पळायच्या आधी लघवी करून, कमीत कमी कपड्यांत वजन, आल्यावर अंग पुसून परत तसंच. माझं 62.4 चं 61.3 झालं, मधे अर्धा लिटर पाणी प्यायलो होतो, म्हणजे तासात साधारण 1.6 लिटर घाम, आणि टीशर्ट कोरडा! काळ्या टोपीवर मिठाचे पांढरे डाग पडत असतील तरच पॅचचे पैसे घाल, एक आत्ता आणि एक पावसाळ्यात, कारण उन्हाची सवय झाली की घामातलं मीठ कमी होतं.