केळीच्या बागेला वारारोधक: शेवरी की सुरू?

जळगाव भागात एप्रिल-मे महिन्यांतला उष्ण वारा केळीची पाने फाडतो, घडाची झाडे मोडतो. वारा मुख्यतः पश्चिमेकडून येतो, म्हणून वारा अडवणाऱ्या झाडांची पहिली ओळ पश्चिमेच्या बांधावर हवी.

शेवरी हे झपाट्याने वाढणारे छोटे झाड; तिचे बियाणे रात्रभर भिजवून जूनमध्ये टोकले की उन्हाळ्यापर्यंत आडोसा तयार होतो. भारी, पाणी धरणाऱ्या जमिनीतही ती तगते आणि शेळ्यांना पाला मिळतो. धोका इथेच आहे: ऐन एप्रिलमध्ये चाऱ्यासाठी ओळ छाटली, तर गरजेच्या वेळी बाग उघडी पडते. शिवाय काही वर्षांत झाडे मरतात आणि पुन्हा लावावी लागतात.

सुरू (कॅज्युरिना) हे झाड उंच आणि टिकाऊ. निचऱ्याच्या जमिनीत दोन ओळी, दीड ते दोन मीटर अंतरावर, तिरकस जोडणीने (एका ओळीतले झाड दुसऱ्या ओळीतल्या फटीसमोर) लावा. पहिली दोन वर्षे ठिबकचे पाणी द्याच. चिबड (पाणी साचणाऱ्या) जमिनीत मात्र सुरू लावू नये. वय वाढले की खालच्या फांद्या झडतात आणि वारा बुंध्यांमधून घुसतो.

वाऱ्याचा जोर उंचीच्या साधारण १० पटींपर्यंत चांगला कमी होतो: ४ मीटर शेवरीमागे ४० मीटर, १० मीटर सुरूमागे १०० मीटर. ओळीत खिंडार पडले तर वारा तिथून अधिक वेगाने शिरतो, तेव्हा नांगे (झाड न जगलेल्या जागा) पहिल्याच पावसाळ्यात भरा.

जमीन निचऱ्याची असेल तर आमची पसंती सुरूलाच, पण आतल्या बाजूला शेवरीची एक ओळ लावून; ती पहिली वर्षे निभावते, नंतर मेलेली झाडे पुन्हा लावत गेल्यास सुरूच्या खालची पोकळी झाकते. केळी आणि वारारोधक यांच्यात मीटरभर खोल चर खणा, नाहीतर मुळे केळीचे पाणी ओढतात.