मजकूर-तपासणी सेवा : एका क्रीडा पानाचा वर्षभराचा अनुभव

आमच्या एका तरुण वार्ताहराने शाहू स्टेडियमवरील फुटबॉल सामन्याचा वृत्तांत दुसऱ्या दैनिकातून परिच्छेदच्या परिच्छेद उचलल्याचे गेल्या वर्षी उघडकीस आले. त्याला कामावरून काढू नये, असा आग्रह मी धरला. आणि म्हणूनच त्याची प्रत्येक बातमी वाङ्मयचौर्य शोधणाऱ्या एका ऑनलाइन सेवेतून तपासून घेण्याचे काम माझ्याकडे आले. वर्षभराची वर्गणी आता संपली आहे. याच धर्तीच्या इतर सेवा मी वापरलेल्या नाहीत आणि पुढे सांगितलेले दोष कदाचित हिच्या एकटीचे नसतील, म्हणून तिचे नाव येथे देत नाही.

इंग्रजी मजकुरासाठी सेवा उत्तम आहे. लेख टाकल्यावर मिनिटभरात मूळ पानाच्या दुव्यासह जुळणारी वाक्ये समोर येतात. मराठीत मात्र तिची अवस्था वेगळी आहे.

खासबाग मैदानातील कुस्त्यांचा एक वृत्तांत त्या मुलाने माझ्या शेजारी बसून लिहिला होता. तो तपासला, तर निम्म्याहून अधिक मजकूर लाल झाला. ‘घिस्सा डावावर चितपट केले’, ‘दोन्ही मल्लांनी एकमेकांच्या ताकदीचा अंदाज घेतला’, ‘कुस्ती निकाली झाली’ ही वाक्ये कोणा एकाची नाहीत. कोल्हापूरच्या तीन पिढ्यांनी कुस्ती याच शब्दांत लिहिली आणि वाचली आहे. उलट, ज्या वृत्तांतामुळे हे सारे घडले तोच मी मुद्दाम सेवेत टाकला, तेव्हा तो पूर्णपणे स्वच्छ ठरला. मूळ बातमी ई-पेपरमध्ये चित्ररूपाने होती, त्यामुळे ती यंत्राला वाचताच आली नव्हती. युनिकोड ही संगणकावरील अक्षरांची आजची सर्वमान्य पद्धत येण्यापूर्वीच्या जुन्या फॉन्टमधील मजकुराची गतही तीच. इंग्रजी लेखातील एक परिच्छेद मी स्वतः मराठीत आणून टाकला. त्यावरही एक रेघ उमटली नाही. किती टक्के मजकूर जुळतो, हे सांगणाऱ्या सेवेच्या आकड्यावर कोणाची नोकरी ठरणार असेल, तर निरपराध माणूस जाईल आणि चोर राहील, ही भीती मला वर्षभर वाटत राहिली.

आकडा बिनचूक असला तरी निर्णय माणसांनाच घ्यावा लागतो. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात ‘वूस्टर टेलिग्राम अँड गॅझेट’ने २००५ मध्ये केन पॉवर्स या क्रीडा वार्ताहराला उचलेगिरीबद्दल काढून टाकले, २००७ मध्ये ‘बॉस्टन ग्लोब’ने रॉन बोर्जेस यांना अशाच आरोपावरून दोन महिने निलंबित केले. त्या वेळी दोन्ही दैनिकांची मालकी एकाच कंपनीकडे होती. बोर्जेस यांनी ‘ग्लोब’ सोडले आणि पुढच्या वर्षी ते त्याच शहरातील ‘बॉस्टन हेरल्ड’मध्ये लिहू लागले. शिक्षा किती असावी, यावर माझे मत ठाम नाही. पण दुसरी संधी देणाऱ्याने सोबत बसण्याचा वेळही दिला पाहिजे, याबद्दल मला शंका नाही.

आमच्याकडे खरा उपयोग झाला तो वहीचा. बातमी देण्यापूर्वी त्याने सामन्याची वही माझ्यासमोर ठेवायची आणि मी विचारायचे : गोल कोणत्या बाजूच्या जाळ्यात झाला, पास कोणी दिला, तू कोठे बसला होतास? याच बोलण्यातून पहिल्या चोरीचे कारणही कळले. त्या दुपारी त्याला एकाच वेळी दोन ठिकाणी पाठवले होते आणि फुटबॉलचा उत्तरार्ध त्याने पाहिलाच नव्हता. मूळ लेखकाचा उल्लेख न करता त्याचे लेखन आपले म्हणून छापणे हा नीतिभंग आहे, असे भारतीय प्रेस परिषदेची मार्गदर्शक तत्त्वे स्पष्ट सांगतात, त्यामुळे त्याची चूक चूकच राहते; पण कामाचे ते वाटप माझ्याच टेबलावरून झाले होते, हेही मला नोंदवले पाहिजे. आता एका दुपारी एका वार्ताहराला एकच सामना दिला जातो.

ज्यांच्याकडे इंग्रजी स्तंभ किंवा बाहेरून आलेले दीर्घ लेख छापले जातात, त्यांनी ही सेवा जरूर घ्यावी, तीही महिन्याच्या वर्गणीवर. रोजच्या मराठी क्रीडा पानासाठी वर्षाचे पैसे भरू नयेत. आम्ही नूतनीकरण केलेले नाही. त्याची वही मात्र अजून रोज येते. परवाच्या पानावर बदली खेळाडू मैदानात उतरल्याचे मिनिट त्याने दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहिले होते, आणि शेजारी ‘पंचांना विचारून’ अशी नोंद होती.