सरळ उतारासाठी व्हीकार्व्हचं फ्लूटिंग: थ्रीडी सॉफ्टवेअर घेण्याआधी हे वापरून बघा

उतार एकाच दिशेचा आणि सपाट असेल, तर व्हेक्ट्रिकच्या व्हीकार्व्ह या सीएनसी सॉफ्टवेअरमधला फ्लूटिंग टूलपाथ पुरतो. तो रेघेवरून चालताना टूलची खोली हळूहळू बदलू शकतो. मशीनला लागते ती जी-कोडची एवढीच आज्ञा: जी1 एक्स63 झेड-6, म्हणजे एक्स (आडवी दिशा) आणि झेड (खोली) एकाच वेळी सरकणं. 63 कसं ते पुढे येतं. प्रोफाइल, म्हणजे आकाराच्या कडेने कापणाऱ्या टूलपाथमधल्या रॅम्पच्या मात्र नादी लागू नका. तो टूल आत उतरवण्यापुरता असतो. पुढे सगळा आकार पूर्ण खोलीवर कापला जातो आणि उतार जागेवर राहत नाही.

उदाहरणाला 60 मिमी लांब, 40 मिमी रुंद आणि 6 मिमी उतरणारा भाग घ्या. उताराच्या दिशेने 1.5 मिमी अंतरावर समांतर रेघा काढा, दोन्ही कडांच्या बाहेर एकेक जास्तीची. टूलपाथच्या सेटिंगमध्ये फ्लूट डेप्थ (शेवटची खोली) 6, रॅम्पचा पर्याय फक्त सुरुवातीचा, प्रकार सरळ आणि रॅम्पची लांबी पूर्ण रेघेइतकी.

घोळ होतो तो टूलच्या त्रिज्येमुळे. 6 मिमीचं फ्लॅट एंड मिल (सपाट टोकाचं कटर) उताराच्या रेघेवर मध्य धरून चालतं, पण त्याची चढाकडची कड मध्यापासून 3 मिमी वरच्या बाजूला असते. त्यामुळे सगळा पृष्ठभाग 0.3 मिमी जास्त खोल जातो. उपाय सोपा आहे: सगळ्या रेघा 3 मिमी उताराकडे सरकवा. वरची कड नेमकी शून्यावर येते आणि खालची 60 मिमीला बरोबर 6 मिमी खोल. टूलची बाहेरची कड तिथून पुढे 66 मिमीपर्यंत जाते, तेव्हा क्लॅम्प त्या वाटेत नको.

बॉल नोजच (गोल टोकाचं कटर) हवं हा समज इथे महागात पडतो. 1.5 मिमी स्टेपओव्हरला (दोन रेघांमधल्या अंतराला) 6 मिमीचं बॉल नोज साधारण 0.095 मिमी उंच कंगोरे ठेवतं. याच उतारावर फ्लॅट एंड मिलचे कंगोरे 0.01 मिमीच्या आत राहतात. उतार वाढला की हा फायदा कमी होत जातो. एंड मिल मध्यापर्यंत कापणारं असायला हवं, कारण कटिंग उताराच्या दिशेने खाली जातं.

आधी रफिंग करा, म्हणजे जास्तीचं मटेरियल ढोबळपणे काढून टाका. 1 ते 5 मिमी खोलीचे पाच पॉकेट (सपाट तळाचे खड्डे) घ्या. खोली 1 असेल तर पॉकेट 10 मिमीपासून, 2 असेल तर 20 पासून, असे सगळे खालच्या टोकापर्यंत. शिल्लक मटेरियल जास्तीत जास्त 1 मिमी. मग फिनिशिंगच्या टूलचा पास डेप्थ (एका फेरीत कापायची खोली) 6 पेक्षा थोडा जास्त ठेवा, नाहीतर प्रत्येक रेघ उगाच दोन-तीनदा चालते.

सगळ्यात जपायचं ते रेघेचं सुरुवातीचं टोक. नोड एडिटिंगमध्ये ते हिरवं दिसतं आणि प्रत्येक रेघेचं उथळ बाजूलाच हवं. रेघा मिरर केल्या असतील तर हे हमखास तपासा. एक जरी उलटी राहिली तरी उथळ टोकाला 6 मिमीची खाच पडते आणि जॉब गेला. प्रीव्ह्यूमध्ये हे लगेच दिसतं.

खटकणारी गोष्ट वेळेची. प्रत्येक रेघेनंतर टूल वर उचललं जातं, आणि इथे रेघा तिसाच्या आसपास आहेत. सेफ झेड (टूल उचलून नेण्याची उंची) क्लॅम्पच्या उंचीला सांभाळून जमेल तितका खाली आणला तर बराच वेळ वाचतो. घुमटासारख्या किंवा दोन्ही दिशांना वळणाऱ्या पृष्ठभागाला ही युक्ती चालत नाही. तिथे थ्रीडी टूलपाथच लागतो.